खरचटलेला बंपर घरच्या घरी: घासकाम चौदा आणे, रंग दोन आणे

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधल्या खांबांना पिवळे-काळे पट्टे आहेत, आणि जमिनीपासून दीड-दोन फुटांवर लाल, पांढऱ्या, करड्या अशा सगळ्या रंगांचे ओरखडेही आहेत. त्यातला चंदेरी ओरखडा माझा. रिव्हर्स घेताना वॅगन-आरचा मागचा डावा कोपरा घासला. तळहाताएवढी जागा. वरचा भाग नुसता खरवडलेला, मध्ये तीन-चार खोल चरे, आणि एका ठिकाणी रंग साफ जाऊन आतलं काळं प्लास्टिक डोकावत होतं.

पहिल्या खेपेला मी तेच केलं जे बहुतेक जण करतात. ती जागा पुसली, दुकानातून आणलेला चंदेरी स्प्रे मारला आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात दाखवलाही. दोन महिन्यांनी गाडी धुताना प्रेशरचं पाणी त्या कोपऱ्यावर पडलं आणि माझा रंग दुधावरच्या सायीसारखा अखंड उचलला गेला. दुसऱ्यांदा शिकून, वेळ देऊन केलं, ते अजून टिकून आहे. खाली लिहिलंय ते त्या दुसऱ्या खेपेचं.

मुळात अडचण काय आहे

आजच्या बहुतेक गाड्यांचं बंपर कव्हर पॉलिप्रॉपिलीनचं असतं, त्यात लवचिकतेसाठी रबर आणि कडकपणासाठी शंखजिऱ्याची पूड मिसळलेली. बंपरच्या आतल्या बाजूला मोबाइलचा टॉर्च मारून पाहा; पीपी+ईपीडीएम-टी२० असं काहीतरी उठावात लिहिलेलं सापडेल. यातला पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ईपीडीएम म्हणजे रबर आणि टी२० म्हणजे २० टक्के शंखजिरं. काही जण तुकडा कापून पाण्यात टाकायला सांगतात, तरंगला तर पीपी. शुद्ध पीपी तरंगतं हे खरं, पण एवढं शंखजिरं घातलेलं पीपी बुडू शकतं, तेव्हा त्या चाचणीच्या नादी लागू नका. छाप वाचा.

हे प्लास्टिक कशालाच धरत नाही. पीपीची फुटलेली खुर्ची झटपट गोंदाने चिकटवायला गेलेल्या प्रत्येकाला हे माहीत आहे. गोंद वाळतो, कडक होतो आणि पापुद्र्यासारखा निघून येतो. रंगाचंही तसंच. म्हणून या कामात रंग मारणं हा दोन आण्यांचा भाग, उरलेले चौदा आणे त्या प्लास्टिकला रंग धरायला लावण्यात जातात.

घासायच्या आधी ठरवा: घासायचं का?

जागा साबणाच्या पाण्याने धुवा आणि ओली असतानाच नीट बघा. ओलेपणी जो ओरखडा दिसेनासा होतो आणि वाळल्यावर परत उमटतो, तो फक्त वरच्या पारदर्शक थरात, म्हणजे क्लिअरमध्ये आहे. त्याला रंग लागत नाही. रबिंग कंपाउंड, म्हणजे रंग हलका घासून चमकवणारी पेस्ट, आणि मऊ मायक्रोफायबर कापड घेऊन दहा मिनिटं हात चालवा. कंपनीच्या रंगाची सगळ्या थरांची मिळून जाडी साधारण एका कागदाएवढी असते आणि क्लिअर त्यातला एक हिस्सा, तेव्हा कंपाउंडही जोर काढून लावू नका.

दुसरा प्रकार दुसऱ्याचा रंग लागण्याचा. खांबाचा पिवळा पट्टा किंवा समोरच्या गाडीचा लाल रंग तुमच्या बंपरवर चढलेला असतो आणि आपल्याला वाटतं आपला रंग गेला. तोही कंपाउंडने निघतो. माझ्या शेजाऱ्यांनी याच्यासाठी पूर्ण बंपर रंगवून घेतला होता. मी त्यांना अजून काही बोललेलो नाही.

नख आडवं फिरवल्यावर अडकलं, किंवा काळं प्लास्टिक दिसलं, तर मात्र पुढचं सगळं करावं लागेल.

बंपर आत दबलाही असेल तर आधी ते काढा. उकळतं पाणी खळग्यावर हळूहळू ओता, जाड हातमोजे घालून आतून दाबा, आणि बाहेर आल्यावर लगेच गार पाणी. पॉलिप्रॉपिलीन तापलं की मूळ आकाराकडे परत यायला बघतं. आरपार चीर असेल, बंपर धरून ठेवणारे कान तुटले असतील, तर ते प्लास्टिक वेल्डिंगचं काम आहे, गॅरेजला न्या.

नव्या गाड्यांत एक मोठा सापळा आहे. ब्लाइंड स्पॉटची सूचना देणारे रडार बऱ्याचदा मागच्या बंपरच्या कोपऱ्यांच्या आत बसवलेले असतात, बाहेरून काहीच दिसत नाही. त्यांच्या समोर पुट्टी भरली किंवा धातूचे कण असलेल्या रंगाचे थर वाढवले तर रडारच्या लहरींना अडथळा होतो. तुमच्या गाडीत ही सोय असेल तर कोपऱ्याला हात लावू नका. पार्किंग सेन्सरच्या गोल टिकल्या मात्र दिसतात. त्या काढून ठेवा किंवा नीट झाका. त्यांच्यावर रंगाचा जाड थर बसला की रिव्हर्स टाकल्यावर मागे कोणी नसतानाही बीप वाजत राहतो.

आणि विमा. झीरो डेप, म्हणजे भागांवर घसारा न कापणारी पॉलिसी, असल्यामुळे फुकटात होईल असा हिशेब करताना दोन गोष्टी धरा. कंपल्सरी डिडक्टिबल, म्हणजे क्लेममधली आपण भरायची ठरलेली रक्कम, खिशातून जातं, आणि क्लेम घेतला की नो क्लेम बोनस जातो. हा बोनस, म्हणजे हप्त्यावरची सूट, क्लेमशिवायच्या पहिल्या वर्षानंतर २० टक्क्यांपासून सुरू होऊन ५० टक्क्यांपर्यंत चढतो. साधी पॉलिसी असेल तर प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा वेगळा. खरचटलेल्या कोपऱ्यासाठी हा सौदा क्वचितच परवडतो.

सामान

सगळ्यात आधी रंगाचा कोड. तो गाडीवरच्या पट्टीवर किंवा स्टिकरवर असतो. बॉनेटखाली किंवा दाराच्या खांबावर शोधा. मारुतीचा सुपीरिअर व्हाइट म्हणजे २६यू, माझा सिल्की सिल्व्हर झेड२एस. नुसतं ‘वॅगन-आरचा सिल्व्हर द्या’ म्हणू नका, चंदेरीत शंभर छटा आहेत. पुण्यात नाना पेठेत आणि बहुतेक शहरांच्या स्पेअर पार्टच्या बाजारात ऑटो पेंटची दुकानं आहेत. कोड सांगितला की तिथे रंग मिसळून स्प्रे कॅनमध्ये भरून मिळतो.

त्याच दुकानातून प्लास्टिक प्रायमर घ्या, ज्याला अॅडहिजन प्रमोटर म्हणतात; प्लास्टिकला रंग धरायला लावतो तो हाच. माझ्या पहिल्या प्रयत्नात हाच नव्हता. शिवाय करडा सरफेसर प्रायमर, बंपरसाठीची लवचिक दोन भागांची पुट्टी, क्लिअर, मेण-तेल काढणारा सिलिकॉन रिमूव्हर, चांगल्या प्रतीचा मास्किंग टेप आणि पॉलिश पेपर: १८०, ३२० आणि ४०० नंबरचे कोरडे, ६००, ८००, १५०० आणि २००० नंबरचे वॉटर पेपर. घरात जुनी वर्तमानपत्रं आणि चादरी असतातच.

क्लिअरचे दोन प्रकार मिळतात. साधा वनके, आणि कॅनच्या बुडाचं बटण दाबून आतला हार्डनर फोडायचा असतो तो टूके. टूके कडक होतो, ऊन आणि पेट्रोल दोन्ही सोसतो, चमकही जास्त. पण त्यात आयसोसायनेट असतं, आणि ते श्वासात गेलं तर दमा जडू शकतो. कापडी किंवा धुळीचा मास्क तिथे काहीच कामाचा नाही. सेंद्रिय बाष्पासाठीची काडतुसं लावलेला मास्क, चष्मा, हातमोजे आणि उघडी हवा हवी. घरात कुणाला दमा असेल तर वनके वापरा आणि थोडी कमी चमक मान्य करा. आणि बेसमेंटच्या बंद पार्किंगमध्ये यातलं काहीच फवारू नका.

बंपर तसाच राहू द्या, काढायची गरज नाही. कोपरा तेवढा काम करण्याजोगा हाताशी येतो.

धुणं आणि पुसणं

भांडी घासायच्या साबणाने पूर्ण कोपरा धुवा, खालच्या कडेसकट, कारण तिथे डांबराचे शिंतोडे असतात. वाळला की सिलिकॉन रिमूव्हर. एका कापडाने ओलं करायचं आणि ते उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्या कापडाने पुसून घ्यायचं. एकाच कापडाने केलं तर मेण आणि तेल नुसतं इकडचं तिकडे होतं. हे घासण्याच्या आधी करायचं, कारण नंतर केलं तर पेपर ते मेण चरांमध्ये कोंबून बसवतो. उघड्या प्लास्टिकवर थिनर किंवा पेट्रोल ओतू नका. ते आत शोषलं जातं, आणि मग रंगाखालून बुडबुडे येतात.

घासकाम

खरवडलेली जागा १८० ने घ्या. चऱ्यांच्या काठावर प्लास्टिक उचलून आलेलं असतं, ते आधी ब्लेडने कापून टाका, घासून जात नाही. पेपर बोटांनी धरला की बोटांच्या खुणा पडतात, म्हणून जुन्या रबरी चपलेचा तुकडा कापून त्याला पेपर गुंडाळा. गोलाईवर लाकडी ठोकळ्यापेक्षा हा तुकडा बरा, तो वळतो.

पॉलिप्रॉपिलीन घासलं की त्याची पूड होत नाही, लव उठते, जुन्या स्वेटरवर उठते तशी. जोर लावला, किंवा ड्रिलला चकती लावून भरभर फिरवली, तर उष्णतेने आणखीच वितळून लव वाढते. हलका हात, आणि पुढचा बारीक पेपर. ३२० ला ती बरीच आटोक्यात येते. हट्टी लव राहिलीच तर नवीन ब्लेड आडवं धरून तासून घ्या.

आता खरं काम: जुन्या रंगाची कड. प्लास्टिक संपून रंग सुरू होतो तिथे पायरी असते. ३२०, मग ४०० ने ती पायरी घासत घासत उतार करायचा, इतका की काळं प्लास्टिक, करडा प्रायमर, चंदेरी रंग आणि क्लिअर असे चार पट्टे नकाशावरच्या उंचीच्या रेषांसारखे दिसायला लागतील. प्रत्येक पट्टा निदान बोटभर रुंद. जागा तळहाताएवढी होती ती आता ताटाएवढी झाली म्हणून घाबरू नका, ती तशीच व्हायला हवी.

डोळ्यांवर भरवसा ठेवू नका. आमच्या भागातल्या गॅरेजमधले पेंटर काका हाताखाली पातळ सुती फडकं ठेवून बंपरवरून तळवा फिरवतात, आणि मला गुळगुळीत दिसणाऱ्या जागेवर थांबून म्हणतात, ‘हितं आहे बघ.’ नंतर चंदेरी रंग मारला की तो खळगा गावभर दिसतो. करून पाहा, फडक्यामुळे तळव्याचं घर्षण जातं आणि उंचसखलपणा तेवढा जाणवतो.

पुट्टी

चरे खोल असतील तरच. उघड्या प्लास्टिकवर आधी अॅडहिजन प्रमोटरचा पातळ हात, मग पुट्टी, असं मी केलं. तुमच्या डब्यावर वेगळा क्रम दिला असेल तर तो पाळा. भिंतीची किंवा पत्र्याची पुट्टी इथे चालत नाही. बंपर दाबला की वाकतो आणि ती तडकते.

लिंबाएवढ्या पुट्टीला दोन वाटाण्यांएवढा हार्डनर. रंग एकसारखा होईपर्यंत फरशीच्या तुकड्यावर कालवा, पण फेटू नका, हवा शिरते. हिवाळ्यात हाताशी चार-पाच मिनिटं मिळतात. एप्रिलच्या दुपारी दोन मिनिटांत ती फरशीवरच दगड होते. जास्त हार्डनर घालून घाई करणाऱ्याच्या रंगावर पुढे पिवळट डाग उठतात. प्लास्टिकच्या पात्याने दाबून, पातळ, दोन हातांत भरा. वाळल्यावर १८० ने आकार द्या, ३२० ने साफ करा, फडक्याचा हात फिरवा. टाचणीएवढी भोकं राहिली तर बारीक पुट्टीचा एक पातळ हात. मला दोनदा भरावं लागलं.

प्रमोटर आणि प्रायमर

दिवस बघून निवडा. घाटावर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, दव उडाल्यावर, दहा ते एकच्या मध्ये, सावलीत. उन्हात तापलेल्या बंपरवर रंगाचे कण बसायच्या आधीच वाळतात आणि खरखरीत पृष्ठभाग मिळतो. कोकणात पावसाळ्यात हे काम काढूच नका. दमट हवेत थर वाळताना पाणी धरतो आणि पांढुरकी धुरकट झाक येते. जमिनीवर पाणी शिंपडा, धूळ बसते. शेजारच्या गाड्यांवर चादरी टाका, कारण फवारा वाटतो त्यापेक्षा बराच लांब जातो, आणि पार्किंगमधली भांडणं ओरखड्यापेक्षा जास्त टिकतात.

टेप आणि कागद लावताना टेप कामाच्या अगदी जवळ सरळ चिकटवू नका. नाहीतर रंगाची भिंत उभी राहते. टेपची कड उलटी दुमडून गोल ठेवा म्हणजे फवारा तिथे हळूहळू विरतो.

पुन्हा एकदा सिलिकॉन रिमूव्हर, दोन कापडं. मग प्रमोटर: जिथे जिथे प्लास्टिक उघडं आहे तिथे पातळ, जवळजवळ पारदर्शक थर. जाड थराने जास्त धरतं असं नाही, उलट मऊ राहतं. डब्यावर लिहिलेल्या वेळेत, बहुतेकदा दहा-पंधरा मिनिटांनंतर, त्यावर करडा प्रायमर. दोन-तीन थर, प्रत्येक थरानंतर दहा मिनिटं थांबून. पहिला छोट्या जागेत, पुढचा त्याच्या थोडा बाहेर.

रात्रभर वाळू द्या. सकाळी त्यावर काळ्या स्प्रेची अगदी हलकी भुरभूर उडवा आणि ६०० च्या वॉटर पेपरने पाण्यात घासा. जिथे काळे ठिपके उरतात तिथे खळगा, जिथे करडा जाऊन प्लास्टिक उघडं पडतं तिथे उंचवटा. उघडं पडलं तर परत प्रमोटर, परत प्रायमर. शेवटचा हात ८०० ने, आणि भोवतीच्या जुन्या रंगाची चमकही १५०० ने मारून टाका, नाहीतर क्लिअर तिथे धरणार नाही. पांढऱ्या रंगाखाली ६०० च्या रेघा झाकल्या जातात. चंदेरी प्रत्येक रेघ सांगतो.

चंदेरीची गोष्ट

आधी पुठ्ठ्यावर. पुठ्ठ्याला प्रायमर, रंग, क्लिअर असं सगळं मारून तो उन्हात बंपरला लावून पाहा, समोरून आणि दोन्ही बाजूंनी. तुलना बंपरशीच करा, शेजारच्या पत्र्याशी नको. पत्रा भट्टीत साधारण १४० अंशांना भाजतात, प्लास्टिक तेवढं सोसत नाही, म्हणून बंपर वेगळा आणि कमी तापमानाला रंगवलेला असतो. कोऱ्या गाडीतही दोघांची छटा बऱ्याचदा किंचित वेगळी दिसते.

कॅन कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवा. गरम पाणी नको, ५० अंशांपलीकडे कॅन फुटू शकतो. आतली गोळी वाजायला लागल्यापासून पुढे पूर्ण दोन मिनिटं हलवा. कण तळाशी बसलेले राहिले तर पहिला हात पांढुरका आणि शेवटचा काळपट येतो.

अंतर वीतभर. फवारा बंपरच्या बाहेर सुरू करा, बाहेर संपवा, मध्ये बोट सोडू नका. मनगट नाही, अख्खा हात हलला पाहिजे, आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढला पाहिजे. पहिला थर एवढा विरळ की खालचा प्रायमर दिसतो. तीन-चार थरांत झाकलं जातं. ओला, जाड थर मारला की कण आत बुडतात आणि छटा गडद दिसते. कोरडा मारला की उजळ. एकाच कोपऱ्यात दोन्ही झालं तर ढग दिसतात. म्हणून शेवटचा हात दुप्पट अंतरावरून, भरभर, धुक्यासारखा: कण एकसारखे पसरतात आणि ढग जातात. चंदेरीवर पेपर लावायचा नाही. किडा बसला तर सुकू द्या, चिमट्याने उचला, पुन्हा धुकं मारा.

साध्या पांढऱ्याला यातलं काहीच नाही. मोत्यासारख्या पांढऱ्याला मात्र मध्ये आणखी एक थर लागतो, आणि तो घरी जुळवायच्या फंदात मी पडलो नसतो.

क्लिअर

रंग मध्येच विरवता येतो, क्लिअर नाही. मध्येच सोडलेल्या क्लिअरची कड वर्षभरात पांढरी पडून सोलते. तो बंपरच्या एखाद्या घडीपर्यंत, दिव्याच्या कडेपर्यंत, चाकाच्या कमानीपर्यंत न्या. माझा कोपरा दिव्याखालच्या घडीपर्यंत पूर्ण क्लिअर केला, म्हणून आज शोधूनही सांधा सापडत नाही.

पहिला थर हलका, दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा ओला, तसाच तिसरा. ओला म्हणजे बाजूने पाहिल्यावर समोरच्या झाडाचं प्रतिबिंब दिसायला लागेल एवढा; त्याच्या पुढे एक फवारा आणि ओघळ. ओघळ आलाच तर हात लावू नका. वाळल्यावर तो निघतो, ओला असताना पुसलात तर सगळं पहिल्यापासून. टूकेचा कॅन एकदा फोडला की एक-दोन दिवसांत आतच घट्ट होतो, तेव्हा ठेवून द्यायचा विचार न करता संपवा.

टेप क्लिअर किंचित ओला असताना, मागे वळवून, हळू ओढा.

नंतरचे दिवस

टूकेला एक-दोन दिवस, वनकेला निदान आठवडा द्या. मग १५०० आणि २००० चा वॉटर पेपर साबणाच्या पाण्यात, फक्त धुळीचे दाणे आणि ओघळ जाईपर्यंत. पाठोपाठ रबिंग कंपाउंड आणि बारीक पॉलिश. घडीच्या कडांवर पेपर नेऊ नका, तिथे क्लिअर सगळ्यात पातळ असतो आणि दोन फटक्यांत चंदेरी उघडा पडतो.

महिनाभर मेण नाही, आणि प्रेशरचं पाणी त्या कोपऱ्यापासून लांब. सर्व्हिसिंगला देताना मी तिथे टेप लावून ‘नवा रंग’ असं लिहिलं होतं. थोडं हसले, पण पाणी मारलं नाही.

सगळं मिळून मला दोन शनिवार-रविवार लागले आणि सामानाला दोन-अडीच हजार, त्यातला मास्क पुढेही वापरता येतो. उरलेला रंगाचा कॅन उलटा धरून नुसता गॅस येईपर्यंत फवारा, म्हणजे नोझल तुंबत नाही. त्यावर कोड आणि महिना लिहून कपाटात ठेवा.